बांधावरच्या वाडीत टोचून गेलेली बाई

माझी नोकरीच मुळी लोकांना हे सांगण्याची होती, की रोग कुणाच्या कोपाने येत नाही. एकतीस वर्षं मी लशी टोचत फिरलो, आधी देवीची, पुढे दुसऱ्या रोगांच्या. नारळ फोडून आजार जातो म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात माझा अर्धा जन्म गेला. भूत, भानामती, अंगात येणं... यातलं काहीही मी मानलं नाही, आजही मानत नाही. तरीही हे लिहितोय. वय झालंय, हाताला कंप आहे, म्हणून मी सांगतोय आणि नात टाइप करतेय. ती मध्येमध्ये थांबून "आजोबा, खरंच?" असं विचारते. मी तिला एवढंच सांगतो, की मी पाहिलं ते सांगतोय, समजलं ते नाही.

साल १९६५. आमच्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा जिल्हा म्हणत. माझा मुक्काम सासवण्याला, आणि रेवसच्या धक्क्यापासून किहीमपर्यंतच्या वाड्या माझ्याकडे. एक सायकल, एक चामडी पिशवी, तिच्यात बर्फात ठेवलेल्या लशीच्या नळ्या आणि टोचायची चकती. ही चकती म्हणजे दांडीच्या टोकाला बारीक दातांचं चाक. दंडावर लशीचा थेंब टाकायचा, चकती टेकवायची आणि गोल फिरवायची. लोक मला देवीडाक्टर म्हणायचे. मी डॉक्टर नव्हतो, मॅट्रिक होतो.

सप्टेंबरात युद्ध सुरू झालं. मुंबई समोरच, त्यामुळे आमच्याकडेही खिडक्यांना काळे कागद लागले. आम्हा आरोग्य खात्यातल्या लोकांना दोन दिवस अलिबागला एका शाळेत ट्रेनिंगला बोलावलं. स्ट्रेचर कसा उचलायचा, भाजलेल्याला काय करायचं, विषारी वायू आला तर ओलं फडकं तोंडाला कसं बांधायचं... दुसऱ्या दिवशी एक चष्मेवाले अधिकारी बोलायला उभे राहिले. शत्रू बॉम्ब घेऊनच येईल असं नाही, असं ते शांतपणे म्हणाले. तो विहिरीत काहीतरी टाकून जाईल, औषध म्हणून रोग वाटून जाईल. अनोळखी माणूस विहिरीपाशी दिसला, किंवा गोळ्या, सुया घेऊन फिरताना दिसला, तर तो आपला नाही असंच धरा.

हे ऐकून मी अक्षरशः पेटलो होतो. तरुण होतो, सव्वीस वर्षांचा. परत आलो तो प्रत्येक वाडीत जाऊन सांगत सुटलो — विहिरीवर पहारा ठेवा, आणि सरकारी माणूस म्हणून कुणी आला तर शिक्क्याचा कागद मागा. विहिरींत टाकायला जंतुनाशक पावडर देऊन ठेवली.

पुढचं नीट कळावं म्हणून दोन वाड्यांची ओळख करून देतो. खरी नावं देत नाही. एक बांधावरची वाडी, खाडीच्या बांधाला लागून, बारा-तेरा घरं, सगळी आगरी, भातशेती आणि मिठागरावर काम. दुसरी टेकाडावरची, दोन मैलांवर, जरा मोठी. दोन्हींत सोयरिकी.

मग एका मंगळवारी सकाळी मी आणखी पावडर द्यायला बांधावरच्या वाडीत गेलो. सायकल लावतो न लावतो तोच जानकीआजी ओट्यावरून म्हणाली, "आता पुन्ना कशाला आलास? त्या दिशी टोचलंय की."

ही जानकीआजी म्हणजे माझी जुनी वैरीण. मी वाडीत शिरलो की ही मिठागरात जाऊन बसायची. सात वर्षांत तिने मला दंड दाखवला नव्हता. आणि आता तिने स्वतःहून पदर बाजूला केला. दंडावर दोन ठिकाणी, चांगल्या अंतरावर, पाण्याने भरलेले मोत्यासारखे फोड, मध्ये खळगा. टोचलेली लस उठली, म्हणजे नीट लागू पडली, की पाचव्या दिवशी जसे दिसतात, अगदी तसे.

मी विचारलं, कुणी टोचलं? ती म्हणाली, "बाय आलती ना. बेस्तरवारी."

मग मी घरोघर गेलो. सगळ्यांच्या दंडावर तेच. पोरं, बाया, म्हातारे. ज्यांना मी पूर्वी टोचलं होतं त्यांचे फोड लहान, सुकत आलेले, पहिल्यांदाच टोचलं त्यांचे मोठे — म्हणजे व्हायला हवं तसंच. एकूण एकेचाळीस जण. गुरुवारी अकराच्या सुमाराला बांधावरून एक बाई चालत आली होती. राखी रंगाचं लुगडं, पाय अनवाणी, काखेत पत्र्याची पेटी. चाळिशीची असेल. बोलली फारसं नाही, दंड पुढे करा म्हणाली आणि टोचत गेली. नावं लिहून घेतली नाहीत. पाणी दिलं तर नको म्हणाली.

"अरे, पण शिक्क्याचा कागद?" मी म्हणालो. "मी इतकं सांगून गेलो होतो!"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. जानकीआजीचा मुलगा म्हणाला, "सुचलंच न्हाय डाक्टर. ती आली नि आम्ही रांगेत बसलो."

 माझ्या पिशवीतल्या नळ्या सीलबंद, मोजून तेवढ्याच. आमच्या तालुक्यात टोचणारी बाई एकही नव्हती, सगळे पुरुष. मग ही कोण? आणि या एकेचाळीस जणांच्या रक्तात काय घालून गेली? चष्मेवाल्या साहेबांचा एकेक शब्द आठवला. मी सगळ्यांना बजावलं, वाडीबाहेर कुणी पाऊल टाकायचं नाही. बाया रडायला लागल्या. "आता आमी मरनार का?" असं एकीने विचारलं.

त्या गडबडीत एका घरात महादू आत झोपलेला होता. मुंबईला गिरणीत कामाला, लढाईच्या भीतीने रविवारच्या लाँचने घरी आलेला. दंड बघायला आत डोकावलो तर त्याच्या दंडावर काही नव्हतं, तो आलाच होता ती बाई येऊन गेल्यावर. अंग तापलं होतं, कंबर दुखत होती. त्याची आई म्हणाली, हिवताप हाय. मी तापाच्या चार गोळ्या दिल्या आणि पुढच्या घरी गेलो.

ते चार गोळ्या देणं मला आजही स्वप्नात दिसतं.

तिथून मी तडक चौकीवर गेलो, अलिबागला फोन लावला. संध्याकाळ व्हायच्या आत टेकाडावरच्या वाडीत जाऊन बजावून आलो — पत्र्याची पेटी घेतलेली बाई आली तर आत घेऊ नका, तिच्याकडे सुई आहे, त्या सुईत मरण असू शकतं. हे शब्द माझेच. कुणी घातले नव्हते तोंडात.

बुधवारी जीपमधून डॉक्टरसाहेब आणि दोन पोलीस आले. साहेबांनी दहा-बारा दंड पाहिले, भिंग लावून पाहिले, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "अहो, ही तर आपलीच लस आहे. झकास उठलीय. तुम्ही टोचून विसरलात काय?"

मी नळ्या दाखवल्या, रजिस्टर दाखवलं. त्यांचाही चेहरा मग बदलला. एका फोडातला नमुना मुंबईला पाठवला. पुढे उत्तर आलं ते हेच, की नेहमीची लस, दुसरं काही नाही. वाडीवरची बंदी साहेबांनी त्याच दिवशी उठवली, पण बाई सापडेपर्यंत सावधगिरीची सूचना राहू द्या म्हणाले. पोलिसांनी रेवसच्या धक्क्यावर चौकशी केली. गुरुवारी अशी बाई लाँचमधून उतरली नव्हती. खाडीपलीकडून होडीने आली नव्हती, एसटीतून आली नव्हती. पोळपाट-लाटणी विकणारी एक गरीब बाई मात्र त्यांनी दिवसभर चौकीत बसवून ठेवली. जानकीआजीने तिला पाहून ही ती नव्हे म्हणून मान हलवली, तेव्हा सोडली.

शनिवारी दुपारी निरोप आला, महादूच्या तोंडावर फोड आलेत.

मी गेलो आणि दारातच कळलं. तोंड, हात, तळवे... देवी. मुंबईहून अंगात घेऊन आला होता. घर लहान. बायको, आई, तीन मुलं, सगळी त्याच्याभोवती. आई तर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. शेजारपाजारचे भेटून गेलेले.

सगळं सांगत बसत नाही. महादू जगला, चेहऱ्यावर व्रण राहिले. आणि त्या वाडीत दुसऱ्या एकाही माणसाला देवी आल्या नाहीत. मांडीवर डोकं घेतलेल्या आईलाही नाही. कारण त्याच्या अंगावर पहिला फोड यायच्या नऊ दिवस आधी, तो मुंबईहून निघण्याच्याही तीन दिवस आधी, कुणीतरी येऊन सगळ्यांना टोचून गेलं होतं. मी हिशेब अनेकदा करून पाहिलाय. दर वेळी तेच येतं.

आता दुसरी वाडी.

महादूची बहीण भागी टेकाडावरच्या वाडीत दिलेली. भाऊ तापाने फणफणलाय कळल्यावर ती शुक्रवारी चार वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन आली होती. रात्र काढून शनिवारी सकाळी परत गेली, भावाला घामोळं आलंय अशा समजुतीत. त्याच वाडीतले आणखी दोघं भेटून गेले होते. भागीला मी पूर्वी टोचलं होतं, मुलीला आणि त्या दोघांना नाही. मी शनिवारीच धावत तिकडे गेलो. त्या वेळी टोचलं असतं तर तिघंही वाचली असती, आमच्या शास्त्राप्रमाणे तेवढी मुदत हातात होती.

वाडीने दारं लावून घेतली. एका म्हाताऱ्याने आतून सांगितलं, "तुमीच बोलला ना, सुईत मरान हाय."

मी समजावलं, हात जोडले, शेवटी ओरडलो. उपयोग झाला नाही. रविवारी डॉक्टरसाहेबांना घेऊन गेलो, तर निम्मी वाडी खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत जाऊन लपली. पोलीस घेऊन सगळ्यांना टोचेपर्यंत दहा दिवस गेले. बाकीचे वाचले. त्या तिघांना मात्र ती लस उशिरा मिळाली. भागीची मुलगी गेली, आणि एक म्हातारा गेला; तिसरा कसाबसा वाचला.

साथ आटोपल्यावर साहेबांनी मला बोलावलं. बांधावरच्या वाडीतली एकेचाळीस नावं रजिस्टरमध्ये कुठेच नव्हती. वरती अहवाल जायचा होता. ते म्हणाले, असं अधांतरी लिहिता येत नाही, तुमच्या नावावर घाला. मी घातली. वर्षअखेरीला मला शाबासकीचं पत्र आलं, एक वाडी वेळेवर सुरक्षित केल्याबद्दल. मी ते कुणाला दाखवलं नाही.

भागीची मुलगी गेल्यावर महिन्याभराने मी तिच्या घरी गेलो होतो. धीर करूनच. ती धान्य पाखडत होती. मला बघून सूप बाजूला ठेवलं, बसा म्हणाली.  मग तिनेच विषय काढला. ती बाई त्यांच्याकडेही आली होती म्हणाली. बुधवारी, भर दुपारी. म्हणजे आम्ही खाली भिंग लावून दंड बघत होतो तेव्हाच.

माणसांनी तिला पहिल्या घरापाशीच अडवलं होतं. एकाने ढेकूळ मारलं, ते तिच्या पेटीला लागलं. देवीडाक्टरने तुला आत घेऊ नका म्हणून सांगितलंय, असं तिला सांगितलं.

"मग?" मी विचारलं.

"मंग ती बोलली, बरं, मंग त्यालाच सांगा. शनवाराच्या आत ये म्हनावं."

 हे तुम्ही मला का नाही कळवलं, असं मी विचारलं. भागी म्हणाली, आम्हाला वाटलं तुम्हालाच भुलवायला बोलतेय. शत्रूची बाई ना ती. निरोप कशाला द्यायचा?

भागीने मला दोष दिला नाही. त्यानंतरही कधी दिला नाही.

ही बाई कोण, याचा शोध मी निवृत्तीपर्यंत घेतला. मुंबईतल्या कुणी नर्सने स्वतःहून केलं असेल, असं एक साहेब म्हणाले. असेल. पण लस कुठून आणली, आणि महादूला बाधा झाल्याचं खुद्द महादूला माहीत नव्हतं तेव्हा हिला कसं कळलं? कधी वाटतं, सगळ्यांचे वार चुकले असतील. पण पाचव्या दिवसाचे ते फोड मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत, ते वार चुकत नाहीत. नात विचारते, मग ती देवी होती का? मी नाही म्हणतो. का नाही म्हणतो, तेही मला सांगता येत नाही. 

त्या दिवशी निघताना मी भागीला एकच विचारलं होतं, तुला ती जवळून कशी दिसली? मला वाटलं, डोळ्यांबद्दल काही सांगेल, तेजाबद्दल काही सांगेल. तिने थोडा विचार केला.

"दमलेली," ती म्हणाली. "पाय पार सुजलं व्हतं तिचं."