चाचीच्या दोन काचा

मुरुडच्या शाळेत मी विज्ञान शिकवायला आले ते एकसष्ट-बासष्ट साल असावं. बाईमाणसाने गळ्यात कॅमेरा अडकवून फिरायचं म्हणजे गावाला फुकटचा तमाशा, हे ठाऊक असूनही मला कॅमेरा हवाच होता. माझ्या अंगात ती खोडच आहे. कुणी नको म्हटलं की ती वस्तू मला दुप्पट हवीशी वाटते. त्यामुळे माझ्या बिऱ्हाडाशेजारची चाची कॅमेरा विकायला काढते आहे असं कानावर आलं, तशी शाळा सुटल्यावर मी थेट तिच्या ओटीवर जाऊन बसले.

चाचीचा नवरा बोटीवर कामाला होता. कुठल्याशा परक्या बंदरात त्याने तो कॅमेरा घेतला होता आणि त्याच्याबरोबर दोन भिंगं. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा मुंबईच्या गोदीत कामाला होता आणि पाऊस संपला की आईला कायमची घेऊन जाणार होता. घराला कुलूप लागायचं होतं, म्हणून एकेक वस्तू बाहेर निघत होती.

आधी वापरून बघ म्हणून चाचीने कॅमेरा माझ्या हाती दिला आणि मी हरखले. दोन्ही भिंगं चपटी, सहज खिशात मावणारी. एक जुनं होतं. त्याची नळी आत ढकलून ठेवायची आणि फोटो काढताना बाहेर ओढून पिळायची. पिळायला विसरलं की सगळं रीळ धुक्यात जातं. माझं पहिलं रीळ तसंच गेलं आणि शाळेतल्या मास्तर मंडळींना बोलायला विषय मिळाला. दुसरं भिंग त्याहून बुटकं, काचेवर निळसर झाक असलेलं. जुन्यातून चेहरे मऊ यायचे, पण माणसाच्या मागचं घर मावायचं नाही. निळ्यातून अख्खी ओटी मावायची आणि कौलन् कौल स्वच्छ यायचं, माणूस मात्र लांब गेल्यासारखा वाटायचा. दोन-तीन रिळं घोळ घालून मी निळ्यावर आले होते. दोन्ही मिळाली असती तर प्रश्नच नव्हता, पण चाची एकच द्यायला तयार होती आणि कुठलं द्यायचं ते तिलाच ठरवता येत नव्हतं.

कारण आतल्या खोलीत होतं. तिथे कोनाड्यात एक फोटो होता. चाची तिथेच नमाज पढायची आणि नमाजाच्या वेळी समोर चित्र चालत नाही, म्हणून अजान झाली की फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवायची आणि नमाज संपला की पुन्हा वळवायची. फोटोत तिची मुलगी होती, आठ-नऊ वर्षांची, ओटीवरच्या झोपाळ्यावर बसलेली. बाप सुट्टीवर आला होता तेव्हा त्याने काढलेला. त्याच संध्याकाळी पोरीला हुडहुडी भरली आणि तो ताप तिला घेऊनच गेला. फोटोत तिच्या खांद्याशी एक फिकट डाग होता, आरशावर कुणी श्वास सोडल्यावर उमटतो तसा.

"तिचा दम हाय तो," चाची म्हणाली. "बापानं खटका दाबला आनि पोरीचा दम काचंत गेला. ज्या काचंत गेला ती मी मुंबईला नेणार. दुसरी तू घे, बाय. पन कुटची ती मला ठाव न्हाय."

मी शाळेत भिंगं शिकवायची. दमट हवेत काचेवर बुरशी धरते, मग फोटोत असे डाग येतात, हे मला पक्कं माहीत होतं. फोटो चौकटीत बसवायला कडेने कापलेला, त्यामुळे नुसतं बघून भिंग ओळखता येईना. मी सुचवलं की त्याच झोपाळ्याचा फोटो दोन्ही भिंगांतून काढू. ज्यातून डाग येईल ते तिचं, स्वच्छ येईल ते माझं. चाची लगेच तयार झाली. मला बुरशी शोधायची होती आणि तिला मुलगी, पण परीक्षा एकच होती.

दुपारचं ऊन अंगणात होतं, ओटीवर सावली. चाची झोपाळ्याच्या एका टोकाला बसली. मध्ये बस म्हटलं तर ऐकेना. दुसऱ्या टोकाला पोर बसायची, ती जागा तिने मोकळीच ठेवली. या जातीच्या कॅमेऱ्यात आपण भिंगातून बघत नाही, बाजूच्या छोट्या खिडकीतून बघतो. खिडकीच्या मधोमध माणूस दोन दिसतो, एक खरा आणि एक विरलेला. भिंग फिरवत गेलं की विरलेला सरकत सरकत खऱ्यात मिसळतो आणि मग खटका दाबायचा. भिंगाने स्वतः काय पाहिलं ते रीळ धुतल्यावरच कळतं. मी आधी जुनं लावलं, नळी नीट पिळली आणि फोटो काढला. मग निळं लावून दुसरा काढला. झोपाळा हलत नव्हता. उरलेल्या रिळावर किनाऱ्यावरच्या होड्या, वाळत घातलेले बोंबील आणि शाळेतल्या मुली काढल्या आणि रीळ एसटीच्या कंडक्टरबरोबर अलिबागच्या स्टुडिओत पाठवून दिलं. भिंगं तोवर चाचीकडे परत ठेवली.

फोटो आले तेव्हा पाकीट मी घरीच फोडलं. जुन्या भिंगाच्या फोटोत डाग होता, झोपाळ्याच्या रिकाम्या टोकाला, कडीजवळ. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. निळं माझं झालं होतं. मग दुसरा फोटो उचलला. त्यातही डाग होता.

दोन्ही भिंगांत एकच डाग येणार नाही, म्हणजे दोष कॅमेऱ्याच्या आत रिळासमोर असतो त्या कापडी पडद्यात असणार, त्याला कुठे तरी भोक पडलं असणार. मी बाकीचे फोटो पाहिले. होड्या स्वच्छ, बोंबील स्वच्छ, मुलींचे दात मोजता येतील इतके स्वच्छ. कौलातल्या काचेतून कवडसा पडला असेल म्हणून उठून चाचीच्या ओटीवर गेले आणि वर पाहिलं. तिथे काचेचं कौल नव्हतंच. मग दोन्ही फोटो शेजारी धरले. झोपाळ्याच्या फळीवर पितळी फुलं ठोकलेली होती, त्यांवरून जागा ताडून पाहिली. पहिल्या फोटोत डाग कडीजवळच्या फुलावर होता. दुसऱ्यात तो तिथे नव्हता. तो फळीच्या या बाजूला, चाचीच्या खांद्याला लागून होता.

मला भीती वाटली. आणि तीही भरदुपारी, अंगणात कोंबड्या फिरत असताना. फोटो लपवावेत असंही मनात आलं, पण चाची दारात उभी होती आणि तिने हात पुढे केला होता.

तिने दोन्ही फोटो बराच वेळ पाहिले. पहिला कुठला आणि दुसरा कुठला, एवढंच विचारलं. मी सांगितलं.

"जवळ सरकली," ती म्हणाली.

मी बुरशीचं काही बोलू लागले, पण माझं मलाच ते पटेना. तिने आतून दोन्ही भिंगं आणून माझ्या ओंजळीत ठेवली. "दोनी तू ने. पोर काचंत न्हाय. घरात हाय, आनि मी मुंबईला जायला निगालेय." तिचा आवाज रडवेला नव्हता. चुलीवर दूध ठेवून बाहेर पडलेल्या बाईला मध्येच आठवण व्हावी, तसा होता.

तेवढ्यात अजान झाली. तिने तिन्ही फोटो कोनाड्यात भिंतीकडे तोंड करून ठेवले. मग ओटीवर येऊन झोपाळ्यावर एक चादर पसरली, कडांपर्यंत नीट ओढली आणि नमाजाला आत गेली. मी पायरीवर बसून राहिले. वारा नव्हता. चादरीकडे बघायचा मला धीर होत नव्हता, म्हणून मी हातातली भिंगं रुमालाने पुसत राहिले.

पाऊस संपल्यावर मुलगा आला. ट्रंक बांधायला सुतळीही बरोबर आणली होती. आई येत नाही म्हटल्यावर त्याने आधी समजावलं, मग आवाज चढवला, शेवटी मला मध्ये घातलं. शिकलेल्या आहात, तुम्हीच चार गोष्टी सांगा, असं म्हणाला. मी त्याची सुतळी परत गुंडाळत बसले. चाची झोपाळ्याच्या एका टोकाला बसून ऐकत होती. बोलून बोलून तो थकला आणि टेकायला म्हणून तिच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे वळला.

चाचीने फळीवर आडवा हात धरला आणि त्याला खालची चटई दाखवली. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तो चटईवर बसला.