कोंडीरामची दहा नोव्हेंबर

श्रीगोंद्याच्या अलीकडं, उसाच्या फडांना टेकून, एक छोटं ऊस संशोधन केंद्र होतं. तीन खोल्या, एक व्हरांडा आणि दारात करंजाचं झाड. माणसं थोडी आणि चर्चा फार. कुणाच्या डब्यात काय, कुणाची बदली कुठं, कुणाचं घरात बिनसलंय, हे सगळं चहावाली गोजरबाई सकाळच्या पहिल्या चहाबरोबर वाटायची. चहा पातळ असायचा, बातमी मात्र घट्ट.

कोंडीराम भिंगारदिवे हा तिथला कॉम्प्युटर ऑपरेटर. मूळचा टायपिस्ट. ब्याण्णव साली केंद्राला कॉम्प्युटर आला, तेव्हा याची बोटं आधीच बडवायला शिकलेली आहेत, एवढ्याच पात्रतेवर त्याला त्यापुढं बसवलं. पहिल्या दिवशी नारळ फोडायचं सगळ्यांच्या मनात होतं. कोंडीराम म्हणाला, "नारळ नको, पानी उडंल." तेव्हापासून त्याच्याकडं जाणकार म्हणून बघायची पद्धत पडली. आत जायचं तर चपला बाहेर काढायच्या, ही शिस्त त्यानंच घातली. खुद्द आप्पासाहेब कोतकर, म्हणजे केंद्राचे प्रमुख, तेसुद्धा मोजे दाखवत आत यायचे. डाव्या मोज्याला अंगठ्याशी भोक आहे, ही बातमी त्यामुळंच श्रीगोंद्यापर्यंत गेली.

त्या कॉम्प्युटरच्या पोटात घड्याळासाठी एक सेल असतो. तो पहिल्याच वर्षात उतरला. नव्या सेलचा अर्ज नगरला गेला आणि तिथंच रमला. सेल नसल्यामुळं यंत्र चालू केलं की ते आधी विचारायचं, आज तारीख काय? आपण सांगायची. सांगितलेली तारीख ते मुकाट्यानं खरी मानायचं आणि दिवसभर जी फाइल होईल तिच्यावर तीच टाकायचं.

कोंडीराम रोज सांगायचा, दहा नोव्हेंबर त्र्याण्णव.

आणि बाहेर चाललं होतं शहाण्णव. फेब्रुवारी.

हे वेडाचं लक्षण म्हणाल तर तसं नव्हतं. पगाराची तारीख त्याला बरोबर कळायची. बेलापूरला दिलेल्या लेकीच्या घरी सणाला तो वेळेवर पोचायचा. फक्त त्या खोलीत, चपला काढून आत गेलं की, दहा नोव्हेंबर असायची.

त्या दिवशी झालं होतं ते एवढंच. तो घरी चष्मा विसरला. त्याची बायको सुमन तो घेऊन उन्हातनं चालत आली. कधी नव्हे ती आली म्हणून त्यानं तिला आत नेलं, स्टुलावर बसवलं आणि पडद्यावर तिचं नाव टाइप करून दाखवलं. ती हसली. "अवो, पुसा ते. सायेब वरडत्याल." मग कपाळाला हात लावून म्हणाली, "अंग जरा कढत लागतंय. दवाखान्यातनं जाऊया का जाताना?" तो म्हणाला, "थांब, एवढी एक गंमत बघ." आणि त्यानं प्रिंटरवर तिचं नाव छापायला लावलं. प्रिंटर करकरत राहिला, कागद अडकला, तो सोडवण्यात वेळ गेला. दवाखाना तोवर बंद झाला. दुसऱ्या दिवशी तिला बरं वाटलं, म्हणून राहिलं. मग तापानं असं धरलं की नगरला न्यायलाही उशीर झाला.

सुमन गेली. तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि कोंडीराम कामावर आला. यंत्रानं तारीख विचारली. बोटांनी दहा नोव्हेंबर टाकली. चूक त्याला लगेच दिसली होती. पण पडद्यावर ती तारीख दिसली तेव्हा त्याच्या छातीतलं काहीतरी सैल झालं. दहा तारीख, म्हणजे दवाखाना अजून उघडा. म्हणजे अजून उठता येतं, तिला सायकलवर मागं बसवता येतं. ती चूक त्यानं दुसऱ्या दिवशी मुद्दाम केली, आणि मग रोज. सेलच्या अर्जाची आठवण नगरला करायची ती त्यानं सोडून दिली.

गोजरबाई त्याला छेडायची. "कोंडीरामभाऊ, त्या डब्याकडं बघून हसताय काय? त्यापरीस दुसरं लगीन करा. माज्या नंदंची जाऊ हाय, तिला बी बोलाय न्हाई लागत."

"मग मला बोलाय लागंल. लई दगदग."

एवढ्यावर भागायचं.

फेब्रुवारीत आली दीपा. नगरची, संख्याशास्त्र शिकलेली, काही महिन्यांच्या कामासाठी नेमलेली. आप्पासाहेबांना साखर कारखान्याच्या संचालकांपुढं आलेख मांडायचे होते: कोणत्या जातीच्या उसाचा साखर उतारा कोणत्या महिन्यात चढतो, कधी उतरतो. तोडणीचा क्रम त्यावर ठरणार होता. आलेख काढायचं विकतचं सॉफ्टवेअर मंजुरीत अडकलेलं. दीपानं पुण्याच्या मैत्रिणीकडनं फ्लॉप्यांवर एक लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमच्या तुकड्यांचा संच, आणली. आलेख काढणारी, शास्त्रज्ञांनीच शास्त्रज्ञांसाठी लिहिलेली. घ्या, उघडून बघा, सुधारा, दुसऱ्याला द्या, अशी तिची रीत.

"फुकाट दिली?" गोजरबाईनं विचारलं. "अन् वर उघडून बी बघू देत्यात? बया! मंजी काय तरी खोट असनारच."

खोट निघाली, पण लायब्ररीत नव्हे.

ही लायब्ररी तयार पोळीसारखी येत नाही, पिठासारखी येते. शंभरावर तुकडे, प्रत्येक तुकडा यंत्राच्या भाषेत भाजून घ्यायचा. त्यावर देखरेखीला एक मुकादम प्रोग्रॅम असतो. तो फक्त तारखा बघतो. भाजलेला तुकडा कच्च्यापेक्षा नवा असला तर म्हणतो, हे झालेलं आहे, पुढं चला. जुना असला तर म्हणतो, पुन्हा भाजा. त्यामुळं काम मध्येच तुटलं तरी चिंता नसते, जिथं तुटलं तिथनं पुढं चालू होतं.

आणि काम तुटणारच होतं. वीज त्या भागात पाहुण्यासारखी यायची आणि रुसलेल्या जावयासारखी जायची.

पहिल्या दिवशी निम्म्यावर तुकडे झाले आणि वीज गेली. आल्यावर कोंडीरामनं यंत्र चालू केलं, तारीख टाकली, उठून दीपाला खुर्ची दिली. मुकादमानं पहिल्या तुकड्यापासून सुरुवात केली. दीपाला वाटलं, आपलंच काही चुकलं. पुन्हा वीज गेली, पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. तिनं फ्लॉप्या पुन्हा उतरवून घेतल्या, डिस्कवरची जागा मोकळी केली, सोबतच्या सूचना दोनदा वाचल्या. यंत्र काल केलेलं आज ओळखायला तयार नव्हतं.

कोंडीराम शेजारी स्टुलावर बसून बघत होता. तारखांची गोष्ट दीपानंच त्याला पहिल्या दिवशी समजावून सांगितली होती. घोळ कुठं आहे हे त्याला दुसऱ्या दिवशीच कळलं. फ्लॉप्यांवरचे तुकडे पंच्याण्णव सालचे. त्याच्या खोलीत भाजलेला प्रत्येक तुकडा त्र्याण्णवचा. कितीही भाजा, मुकादमाला तो जुनाच दिसणार. एक शब्द बोलला असता तर पोरीची दगदग वाचली असती. तो शब्द त्याला काढवेना. तो चहा आणायला उठायचा. चहा इतका वाढला की गोजरबाईला भलताच वास आला.

"भाऊ, मॅडमच्या मागंमागं लईच? पोरीच्या वयाची हाय ती."

"गोजरे, तोंड सांभाळ."

तो कधी चिडायचा नाही. तिनं रिकामे कप गोळा केले.

चौथ्या दिवशी दीपानं सगळ्या फायलींची यादी पडद्यावर काढली आणि ती बघतच राहिली.

"काका, ह्याचा सेल उतरलाय ना?"

"व्हय."

"मग तारीख कोण टाकतं?"

"मीच टाकतो." कोंडीराम प्रिंटरवरची धूळ पुसायला लागला. धूळ नव्हतीच.

"त्र्याण्णवची?"

"चुकून पडली असंल एखांदी."

"एखादी नाही, सगळ्या. काल टाइप केलेलं पत्रसुद्धा दहा नोव्हेंबर. गेल्या दिवाळीचं पण. सगळ्यावर एकच दिवस." ती वळली. "तुम्हाला माहीत होतं? मी तीन दिवस इथं डोकं आपटत असताना?"

त्यानं मान हलवली. होय अशी.

ती चिडलीच होती. पण तो स्वच्छ प्रिंटर अजून पुसतच होता, हे तिला दिसलं. ती थांबली. मग कोंडीरामनं सांगितलं. चष्मा, स्टूल, प्रिंटर, अडकलेला कागद. सांगताना तो पडद्याकडंच बघत होता. शेवटी म्हणाला, "ह्या स्टुलावरच बसल्ती. कढत लागतंय म्हनली. मी म्हनलं थांब."

दीपानं खुर्ची पुढं ओढली.

"काका, तारीख राहू द्या तुमची. ह्या सगळ्या कच्च्या तुकड्यांवर मी तुमचीच तारीख घालते. दहा नोव्हेंबर, सकाळची. मग आपण भाजलेले त्याच्या नंतरचे ठरतील."

"चालंल तसं?"

"मुकादमाला आधीचं कुठलं आणि नंतरचं कुठलं, एवढंच कळतं. साल कुठलं का असेना."

तिनं एक ओळ टाइप केली आणि शंभरावर तुकडे पंच्याण्णवातनं उठून कोंडीरामच्या दहा नोव्हेंबरला येऊन बसले. त्या दिवशी दोनदा वीज गेली आणि दोन्ही वेळा काम जिथं तुटलं तिथनं पुढं गेलं. दिवस मावळायच्या आधी पडद्यावर पहिला आलेख उमटला. चार जातींच्या उसाच्या चार रेषा, चढत गेलेल्या, मग वळलेल्या. कोंडीरामनं प्रिंटरला कागद लावला. या वेळी अडकला नाही.

पण प्रत्येक कागदावर तारीख पाहिजे, हा आप्पासाहेबांचाच दंडक. दीपानं तो पाळायला प्रोग्रॅमला सांगून ठेवलं होतं, आणि प्रोग्रॅमनं यंत्राला विचारून कोपऱ्यात तारीख छापली. कागद घाईनं आप्पासाहेबांकडं गेला, आणि आप्पासाहेब तो घेऊन धावत आले, ते बुटांसकट.

"हे काय? नोव्हेंबर त्र्याण्णव? आलेखात पंच्याण्णवचा हंगाम आणि खाली त्र्याण्णव? संचालकांपुढं माझी वरात काढायची का? उद्या बैठक आहे!"

"सर, माझी चूक आहे," दीपा पटकन म्हणाली.

"तिची न्हाई सायेब," कोंडीराम म्हणाला. "तारीख मी टाकतो. जानून टाकतो."

"जाणून? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? काय आहे काय त्या दहा नोव्हेंबरला?"

सुमनच्या मातीला आप्पासाहेब येऊन गेले होते. पण ताप यायच्या आधीची एक साधी तारीख त्यांनी का लक्षात ठेवावी? लेकीलासुद्धा ती ठाऊक नव्हती. कोंडीराम स्टुलाकडं बघत राहिला.

दारात गोजरबाई कपबशा घेऊन उभी होती. साऱ्या केंद्राची उणीदुणी जिच्या डोक्यात दिवसवार लावलेली असायची, ती. तिचा चेहरा उतरत गेला.

"सायेब, वरडू नका," ती म्हणाली. "वैनी चष्मा घिऊन आल्त्या, तो दिस हाय त्यो. शिपायानं गेटावर अडवलं, मीच आत सोडल्यालं. पिवळं लुगडं हुतं."

गोजरबाईनं कपबशा खाली ठेवल्या, आणि केंद्राच्या इतिहासात पहिल्यांदा ती कुणाला काही न सांगता निघून गेली. पुढंही ही गोष्ट तिच्या तोंडून कुणाला ऐकायला मिळाली नाही. श्रीगोंद्यात तर नाहीच.

आप्पासाहेबांनी पायांकडं बघितलं, बूट काढून दाराबाहेर ठेवले आणि परत आले. आवाज खाली आला होता. "कोंडीराम, उद्याच्याला आजची तारीख लागेल हो. मी काय करू?"

"कोपऱ्यातली तारीख मी हातानं बदलते, सर," दीपा म्हणाली. "यंत्राला हात लावायची गरज नाही. दोन मिनिटांचं काम आहे."

आप्पासाहेब हो म्हणणारच होते. पण कोंडीराम खुर्चीत बसला होता.

"नको मॅडम. आज मिटवाल, उद्या आनखी कायतरी निघंल. तीन दिस तुमी माज्यापायी राबला, मी बगत बसलो." तो थोडा थांबला. "त्या दिवशी बी मी बसूनच हुतो."

त्यानं यंत्र बंद केलं, चालू केलं. प्रश्न आला. त्यानं चष्मा पुसला आणि एकेक आकडा टाकत फेब्रुवारी शहाण्णव टाइप केलं. शेवटचं बटन दाबायला त्याला वेळ लागला. दाबलं, आणि यंत्रानं काही विचारलं नाही. दोन वर्षांवर काळ डोळ्यादेखत पुढं गेला आणि त्याला पापणी लवण्याएवढासुद्धा वेळ लागला नाही. लायब्ररीनंही कुरकुर केली नाही. आलेख तसाच निघाला, कोपऱ्यात खरी तारीख घेऊन.

"झालं," कोंडीराम म्हणाला, आणि कागद आप्पासाहेबांच्या हातात देऊन बाहेर करंजाखाली गेला. तिथं तो, मोठा माणूस, दोन्ही हातांत तोंड धरून रडला. सुमनच्या मातीच्या दिवशी त्याच्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं. दीपा व्हरांड्यातून बघत राहिली. जवळ जावं की नाही, ते तिला ठरवता आलं नाही.

बैठक छान झाली म्हणतात. संचालकांनी रेषांचं कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडीरामनं चपला काढल्या, खोली उघडली, यंत्र चालू केलं. तारीख विचारली गेली. कालची टाकून आता भागणार नव्हतं. दहा नोव्हेंबर होती तोवर रोज एकच उत्तर होतं. आता रोज नवं द्यायचं, आणि ते देताना दवाखान्याचं दार रोज एका दिवसानं मागं पडणार.

गोजरबाई चहा ठेवायला आली. कपावर बशी झाकली आणि स्टूल भिंतीला सरकवायला गेली.

"राहू दे तितं," कोंडीराम म्हणाला. "आज तारीख काय गं?"

तिनं सांगितली. त्यानं टाकली.