जपानी आजोबांचं सुतक

आमच्या घरी एका जपानी म्हाताऱ्याचं सुतक पाळलं गेलं, आणि ते मी लावलं.

छप्पनचा उन्हाळा. नागपूरच्या कॉन्व्हेंटात शिकून मी वर्ध्याला घरी परतले होते. फाडफाड इंग्रजी वाचायचं आणि माणूस दिसलं की आतल्या खोलीत पळायचं, एवढं माझं शिक्षण पूर्ण झालं होतं.

दुपारी शेजारच्या बायका आमच्या ओसरीवर शेवया वळायला जमत. "नुसती बसून काऊन राह्यली? वाचून दाखव काई," आत्याने फर्मावलं. माझ्या हातात एका जपानी कादंबरीचं इंग्रजी भाषांतर होतं. तेच मी मराठीत सांगू लागले. त्यात एक म्हातारा, एक मांजर आणि बर्फ. (साठ पानं बर्फ पडतो. एकसष्टाव्या पानावर थांबतो. हा त्यातला सर्वांत खळबळजनक प्रसंग!)

पण बायका रमल्या! आल्या आल्या विचारायच्या, "जेवले का वं आजोबा?"

पंधराव्या दिवशी आजोबांनी मांजर मांडीवर घेतलं, डोळे मिटले आणि पान संपलं. पुढची अक्षरं मला दिसेनात.

"गेले," मी हुंदका देत म्हणाले.

आत्याने हंबरडाच फोडला.

"आत्या, पुस्तकातले आहेत ते!"

"मंग काय झालं? पंधरा दिवस आपल्याच ओसरीवर होते ना?"

नेमके त्याच संध्याकाळी तळेगावहून मला बघायला पाहुणे येणार होते. आणि हे स्थळ हातचं जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं. मुलगा शाळेत मास्तर होता आणि पत्रात त्याने एकच विचारलं होतं, "मुलगी वाचते का?" (ते पत्र त्याच पुस्तकात खूण म्हणून होतं. हे कोणाला ठाऊक नव्हतं.)

बाबा धावत आत्याकडे आले. "अक्का, पोहे झाले का?"

"आज या घरात फोडणी नाई पडत."

"कोण गेलं?"

"जपानचे आजोबा."

"आपलं जपानात कोण होतं?"

तोवर शेजारणी पिठलं-भाकरी घेऊन हजर! दुःखाच्या घरी चूल पेटत नाही ना.

पाहुणे आले. दहा बायका तोंडाला पदर लावून बसलेल्या. मुलाच्या वडिलांनी टोपी काढली. "लय वाईट झालं. वय काय होतं?"

"ऐंशीच्या वर," आत्या म्हणाली. "मांजर पोरकं झालं वो!"

"अशा टायमाले पोरगी पाहणं बरं नाई. येऊ पुन्हा कधी," म्हणत ते उठले.

पुन्हा कधी कोण येतं? अनोळखी माणसासमोर कधी तोंड न उघडणारी मी पुढे झाले आणि पुस्तक सरळ मुलाच्या हातात कोंबलं. (पत्रासकट!) त्याने पत्र पाहिलं, पान उलटलं, वाचलं.

"हे तर पुढच्या पानावर चहा मागून राह्यले!"

आत्याने डोळे पुसले, मला एक धपाटा घातला आणि कढईत मोहरी टाकली.

लग्नाला आता तीन वर्षं झाली. हे दुपारी आरामखुर्चीत डोळे मिटून पडले, की मी रडायला लागण्याआधी एकदा चहाचं विचारून बघते.