चार कोपऱ्यांची पताका

तुमच्या शहरात फुटबॉलच्या विश्वचषकाचे सामने होणार, हे इथे बसून तुमच्या या आजीला वर्षभर आधीपासून ठाऊक होतं. तुमचे बाबा दर रविवारी फोनवर त्याबद्दल कुरकुर करायचे. स्टेडियमकडचा रस्ता खणलाय, ऑफिसला जायला दुप्पट वेळ लागतो, स्टेशनवर पाच भाषांतल्या पाट्या लावल्यात. तुमच्या आईनं पाहुण्यांना वाट दाखवायच्या कामासाठी नाव दिलं. तिला एक निळं जाकीट मिळालं आणि ते तिला दोन मापं मोठं झालं. मला खेळातलं काही कळत नाही. पण आख्खं शहर पाहुण्यांसाठी आवरायला घेतलं की काय काय होतं, ते ऐकायला मला मजा वाटायची.

मग एका रविवारी तुमच्या शाळेची बातमी आली. प्रत्येक वर्गाला एकेक देश वाटून दिला होता. त्या देशाचे लोक शहरात येतील तेव्हा त्यांच्या स्वागताला मिरवणूक काढायची, आणि वर्गातल्या एकानं पुढे त्या देशाचा झेंडा धरायचा. थोरलीच्या वर्गाला जपान आला आणि झेंडा धरायला थोरलीचं नाव निघालं. झेंडा दुकानातून आणायचा नाही, घरीच शिवलेला हवा, असा शाळेचा नियम. तुमच्या आईला बटण लावता येतं, त्यापुढे काही येत नाही. थोरले, तू वर्गात सांगून मोकळी झालीस की माझे मामाआजोबा टेलर आहेत, ते शिवतील. धाकट्या, तुला हे आठवणार नाही. तू तेव्हा टेबलाखाली बसून बिस्किटं खात होतास.

मामाआजोबा म्हणजे माझा धाकटा भाऊ. आमचं घर शिंप्यांचं, कन्नड मुलखात राहिलेल्या मराठी शिंप्यांचं. आमच्या वडिलांच्या मागे त्यानं चाळीसहून जास्त वर्षं बाजारातल्या दुकानात शाळांचे गणवेश शिवले. मी शिकले, मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं आणि लग्नानंतर गावाच्या दुसऱ्या टोकाला, इकडे कुवेंपुनगरात आले. तो दुकानातच राहिला. गेल्या वर्षी त्याच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. गणवेश तयार मिळायला लागल्यापासून दुकान तसंही सुनंच होतं. त्यानं ते बंद केलं, मशीन घरी आणलं आणि त्यावर जुनी चादर घातली. डॉक्टर म्हणाले, नजर चांगली आली आहे. तो म्हणाला, "वाचण्यापुरती आलीय. शिवण्यापुरती नाही." आणि दिवसभर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायला लागला. माझी भावजय चिडून म्हणायची, "बाहेर कोण येणार आहे ह्यांना भेटायला? महाराजा?"

म्हणून थोरलीनं त्याला फोनवर जे सांगितलं, ते ऐकून मला केवढा आनंद झाला. तुम्ही पडद्यावर होतात, मी त्याच्या शेजारी बसले होते.

"मामाआजोबा, मला एक पताका शिवाल? पांढरी. मधे लाल गोल."

"पताका? पांढरी?" तो हसला. "त्या गोलाचं काय, कुंकू लावलेलं दिसायला पाहिजे काय?"

"हो! सेम!"

"आयतु. शिवतो," तो म्हणाला. झालंच म्हणून समज, असं कन्नडमधलं हे त्याचं उत्तर. गिऱ्हाइकाला तो हेच द्यायचा.

तुमच्या आईनं फोनवर पाठवलेला शाळेचा कागद मी नीट वाचून त्याच्यासाठी वहीच्या पानावर लिहून दिलं: लांबी नव्वद सेंटिमीटर, रुंदी साठ, गोलाचा व्यास छत्तीस, गोल बरोबर मध्यभागी. खाली रेघ मारली. मला वाटलं, काही राहिलं नाही.

पाच दिवस तो शिवत होता. सकाळी नऊ ते अकरा, व्हरांड्यात ऊन असेपर्यंत. भावजय फोन करून सांगायची, "आज चादर घडी करून आत ठेवली," नाही तर, "आज गोल उसवला. वाटोळा नाही म्हणे." मी विचारलं नाही तरी सांगायची. आम्ही दोघी त्या मशीनकडे, तापातून उठलेल्या मुलाकडे बघतात तशा बघत होतो.

बुधवारी मी जाऊन ती घेऊन आले. त्यानं इस्त्री करून, घडी घालून, कागदात बांधून दिली होती. आमच्या गल्लीतल्या एक बाई शुक्रवारी संध्याकाळी तुमच्या शहरात त्यांच्या मुलीकडे निघणार होत्या. त्यांच्या बॅगेत ती जायची होती. घरी येऊन मी ती जेवणाच्या टेबलावर पसरली. शिवण कुठे दिसत नव्हती. गोल असा की कंपासनं काढावा. माझ्या डोळ्यांत पाणी आल्यासारखं झालं.

तेवढ्यात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी केरळची मुलगी किल्ली मागायला आली. ती इथल्या कॉलेजात शिकते आणि फुटबॉलवेडी आहे. तिनं बाल्कनीला अर्जेंटिनाचा भलामोठा झेंडा बांधला आहे. त्याचं पाणी माझ्या तुळशीवर ठिबकता कामा नये, या अटीवर मी परवानगी दिली होती. आम्ही कन्नडमध्ये बोलतो, दोघींचंही थोडं अडखळत.

"अज्जी, ही कुठल्या देवळाची?" तिनं विचारलं.

"देवळाची कसली? जपानची आहे."

ती हसत सुटली. हसता हसता खुर्चीवर बसली. मग तिनं माझा चेहरा पाहिला आणि हसणं आवरलं. "अज्जी, झेंड्याला चार कोपरे असतात ना? ह्याला बघा."

मी बघितलं. उजवीकडची बाजू सरळ नव्हती. मधून आत खाच कापलेली होती आणि वर-खाली दोन टोकं निघाली होती. विठ्ठल मंदिरातल्या भजनी मंडळाच्या पताका असतात, अगदी तशी. त्या मंडळाच्या पताका आमच्या वडिलांनी शिवल्या, नंतर भावानं शिवल्या. तो आकार आमच्या इतका नजरेतला, की ती पसरून मी दहा मिनिटं बघत होते तरी मला चुकलं आहे हे दिसलं नव्हतं.

चूक कुठे झाली हे तिथेच कळलं. आमच्या घरात झेंडा म्हणजे पंधरा ऑगस्टचा. बाकी काठीला लावलेलं सगळं कापड पताका. थोरले, तुला तो शब्द मीच शिकवला होता, तू तीन वर्षांची असताना, मंदिरात. तुला त्या अर्थाचा दुसरा मराठी शब्दच येत नव्हता. तू तुझ्याजवळ होता तो शब्द वापरलास आणि त्यानं त्याला कळला तसा शिवला. मधे मी बसले होते, आयुष्यभर मुलींच्या वह्यांतल्या चुका लाल शाईनं काढलेली, आणि माझ्या कानांना काही खटकलं नाही.

मी तुमच्या आईला फोन केला. तिकडे सकाळ होती. तिनं फोटो पाहिला आणि पहिल्यांदा तीही हसली. मग म्हणाली, "आई, मामाला काही सांगू नकोस. मी इथे एखादी चादर कापून कसातरी झेंडा शिवते. मामाची पताका आम्ही घरात लावू. त्याला फोटो पाठवू. खूश होईल तो."

"आणि मिरवणुकीचा फोटो मागितला तर?"

"लांबून काढलेला पाठवू."

त्या दुपारी मला झोप लागली नाही. तुमच्या आईचं चुकत नव्हतं. पाच दिवसांत तो माणूस परत मशीनवर बसला होता. त्याला सांगायचं की पहिलंच काम चुकलं, आणि त्यानं चादर परत मशीनवर घातली तर? ती पुन्हा निघाली नसती. भावजयीलाही काय तोंड दाखवणार होते मी? पण दुसरंही मनात येत होतं. तुमचं सगळं शहर वर्षभर खपत होतं ते कशासाठी? आलेल्या माणसाला आपली भाषा पाटीवर वाचता यावी, आपली खूण ओळखता यावी, यासाठी. पाहुण्याला त्याचंच निशाण आपल्या सोयीच्या आकारात दाखवणं बरं नव्हे. आणि थोरले, तुझ्या हातात आईनं चादरीचं कसंतरी केलेलं द्यायचं आणि घरात मामाआजोबांचं लपवायचं, हेही मला पटेना. संध्याकाळ झाली, रात्र गेली, मी काही ठरवलं नाही. सकाळी उठून बस पकडली.

तो व्हरांड्यातच होता. मशीनवर चादर नव्हती. मी पुडकं सोडलं आणि सांगितलं. सगळं, पताका शब्दासकट.

त्यानं ती मांडीवर पसरली आणि खाचेवरून बोट फिरवलं. भावजय दारात उभी होती, तिनं तोंड उघडलं. "अक्कांना इंग्रजी सगळं येतं. पताका तेवढी कळत नाही."

"मी लांबी-रुंदी लिहून दिली होती," मी म्हटलं.

"लांबी-रुंदी पताकेलापण असते, अक्का," तो म्हणाला. मग विचारलं, "तुला कधी कळलं हे?"

"काल दुपारी."

"काल दुपारी कळलं. आणि आज सांगतेस?"

"वाटलं, तुला..."

"काय वाटलं? रडेन म्हणून वाटलं?" त्याचा आवाज चढला. तो माझ्यावर एवढा कधी चिडलेला मला आठवत नाही. "चाळीस वर्षं गिऱ्हाईक तोंडावर येऊन सांगत होतं. बाही आखूड झाली, कॉलर चावते, हे काय शिवलंय. उभ्या उभ्या सांगायचं. तेव्हा कधी मेलो काय मी? चुकलं तर उसवायचं असतं. आणि तू आपल्या घरातली, शिंप्याची पोर, रात्रभर घेऊन बसलीस! म्हातारा झाला, नजर गेली, सुम्ने कशाला दुखवायचं, असंच ना?"

सुम्ने म्हणजे उगाच. अगदी असंच होतं. मी त्याला जपत होते ते तो संपला असं धरूनच. खुर्चीवर बसून त्याला स्वतःबद्दल जे वाटत होतं, तेच मीही मानत होते, फक्त त्याला काळजीचं नाव देऊन.

"बाई कधी जाणार?" त्यानं विचारलं.

"उद्या संध्याकाळी."

नवं कापड आणून नव्यानं शिवायला वेळ नव्हता, एकट्या गोलालाच त्याला दोन सकाळी लागल्या होत्या. भावजय म्हणाली, दोन्ही टोकं कापून टाका, चौकोन होईल. त्यानं मान हलवली. "आखूड होईल. गोल मधे राहणार नाही." मग तो आत गेला आणि कपाटातून त्याच पांढऱ्या कापडाचा उरलेला तुकडा घेऊन आला. "कळी घालतो."

कळी म्हणजे सदऱ्याच्या काखेत किंवा झग्याच्या घेरात बसवतात तो कापडाचा त्रिकोण. कापड जिथे कमी पडतं तिथे ते मोकळं व्हावं म्हणून. मी चुकून ठिगळ म्हटलं.

"ठिगळ फाटक्याला. ही कळी," तो म्हणाला. "आता तू शब्द नको शिकवू मला. ती पट्टी धर."

मी पट्टी धरली. खाचेचं माप घेतलं, दोनदा वाचून दाखवलं. त्यानं तिसऱ्यांदा स्वतः घेतलं. सुईत दोरा मात्र मला ओवायला सांगितला, आणि तेवढ्यासाठी तो तोंड फिरवून उभा राहिला. मीही फिरवलं. मशीन चालायला लागलं तशी भावजय कॉफी घेऊन आली आणि पायरीवर बसली. ऊन गेलं तेव्हा तो थांबला. शुक्रवारी सकाळी नऊला पुन्हा बसला. दुपारपर्यंत चार कोपरे झाले. उजवीकडे एक आडवा व्ही पडल्यासारखी बारीक शिवण दिसत होती, पण कागदात जसं हवं होतं तसं सगळं होतं. बाई वेळेवर निघाल्या.

पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मिरवणुकीचा व्हिडिओ तुमच्या आईनं पाठवला. मी तो घेऊन भावाकडे गेले. तुम्ही रस्त्याच्या कडेनं येत होतात. दोन्ही बाजूंना निळे सदरे घातलेले लोक ओरडत होते, थोरली तोंड आवळून चालत होती, कारण काठी जड होती, आणि धाकटा मधेच आईचा हात सोडून पळाला. वाऱ्यानं झेंडा पूर्ण उलगडला. एक जपानी आजोबा टोपी काढून उभे राहिले. थोरले, तुझ्यासाठी की झेंड्यासाठी, ते मला सांगता येणार नाही.

भावानं व्हिडिओ एकदा पाहिला. मग थांबवून, बोटांनी मोठा करून, झेंड्याची उजवी बाजू बघत बसला. चष्मा काढला, परत घातला. फोन माझ्यापुढे धरला.

"काय दिसतं, बघ."

मी बघितलं. भावजयीनं मागून मला चिमटा काढला. तो मला लागला, पण मी थांबले नाही.

"खालच्या टोकाला ओढ आलीय," मी म्हटलं. "कळी नीट बसली नाही तिथे. कापड गोळा झालंय."

"आलीय ना?" त्यानं फोन परत घेतला आणि पहिल्यांदा मोकळेपणानं हसला. "मला केव्हाची दिसते. म्हटलं, खरंच दिसते की डोळ्यांनाच तसं वाटतं!"