आईच्या डोक्यातली भांग

महाशिवरात्रीला भांग घातलेल्या थंडाईचा हिरवट वास आला, की मला बोरगाव मेघेतलं आमचं अंगण आठवतं. स्कूटरवरून पडल्यापासून आई गाडीवर बसायलाच भ्यायची, आणि भीतीची आठवण हाच तर माझ्या संशोधनाचा विषय. उन्हात केस विंचरत बसलेल्या आईला मी ऐटीत सांगितलं, "अगं, भीती उतरवणारं भांगेसारखं द्रव्य तुझ्या डोक्यातच तयार होतं." तिचा कंगवा थांबला. "माया डोक्यात भांग? तो तं मी रोजच पाडतो!" म्हणत ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली, आणि त्याच हसण्यात म्हणाली, "चाल, काढ गाडी." सावंगीपर्यंत तिने माझा खांदा घट्ट आवळला, पण थांब म्हणाली नाही. आज प्रयोगशाळेत मी उंदरांची भीती बऱ्यापैकी घालवतो; त्यांना हसवणं तेवढं अजून जमलेलं नाही.