पिस्ता लेहेंग्यावर न शोभणारी माळ

माझ्या मुलीच्या हळदीच्या लेहेंग्याचा रंग पिस्ता आहे, हे तिनं मला फोनवर इतक्यांदा सांगितलं की मी झोपेतही सांगू शकले असते. प्रत्यक्षात बघितला तर मला तो विहिरीच्या कठड्यावरच्या शेवाळासारखा वाटला. पण मी पडले कट्टा नावाच्या बाजारगावाच्या आतल्या अंगाला राहणारी बाई, काजू आणि भात यापलीकडे मला रंगातलं काय कळणार? पुण्यात म्हणे नवरीनं हळदीला पिवळं नेसायचे दिवस गेले. पिवळं पाहुण्यांनी नेसायचं, नवरीनं शेवाळी. आमच्या वेळी हळदीला जुनं पातळ नेसवायचे, कारण हळदीचे डाग जन्मात निघत नाहीत. आता शालूच्या तोडीचा लेहेंगा शिवायचा आणि हळद लावायला आलेल्या बायकांना सांगायचं, अहो, कपड्याला लावू नका, गालाला नुसती टेकवा. बरं बाई, टेकवू.

लेहेंगा आला म्हणजे सुटलो, असं मला वाटलं होतं. कसलं काय! आता त्या लेहेंग्यावर सोनं कुठलं घालायचं, हा प्रश्न उभा राहिला आणि त्यानं आमच्या घराची झोप उडवली. लग्नातल्या सोन्याचं ठरलेलं होतं, ते सासरचे घालणार होते. हळदीचं आमच्याकडे. मुलीची पुण्यात एक मैत्रीण आहे, ती लोकांच्या कपड्यांना दागिने जुळवून देते. हा धंदा आहे. त्यावर तिचं पोट चालतं. ती रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर यायची आणि आमच्या घरातलं सगळं सोनं नापास करायची. बोरमाळ दाखवली, जड दिसते. पाटल्या दाखवल्या, फार आईसारख्या दिसतात. आता आईच्या पाटल्या आईसारख्या नाही दिसणार तर कोणासारख्या दिसणार? मग मी पुतळ्यांची माळ दाखवली. ती कॅमेऱ्यापुढे धरली मात्र, तिनं डोळेच मिटले.

"काकू, ही फारच पिवळी आहे हो. पेस्टलवर नाही चालणार. रोझ गोल्डचा चोकर बघा."

सोनं पिवळं आहे, अशी तक्रार मी जन्मात पहिल्यांदा ऐकली. मग तिनं रोझ गोल्डचे फोटो पाठवले. तांब्याचा गडू घासायचा राहून गेला की होतो तो रंग. आमच्याकडे तसा गडू दिसला तर सासवा चार शब्द सुनवायच्या, तिकडे त्याचं प्रदर्शन मांडतात.

ती माळ माझी. मुलगी पोटात असताना नवऱ्यानं करून आणली होती. तो दागिन्याची डबी आणणारा माणूस नव्हता, काजूच्या पिशवीतून आणली आणि "बघ गो, गळ्यात बसता काय" एवढंच म्हणाला. दोऱ्यात ओवलेल्या गोल पुतळ्या, प्रत्येकीवर लक्ष्मी. तो गेला त्याला आता काही वर्षं झाली. तेव्हा मंगळसूत्राबरोबर बायकांनी माझ्या गळ्यातून तीही काढली आणि कपाटात ठेवली. ठेवताना मला कोणी विचारलं नाही. कोणालाच तसं विचारत नाहीत.

आमच्या एकाच अंगणात दोन घरं आहेत. दुसरं माझ्या मोठ्या जावेचं. मी त्यांना वैनी म्हणते. बाई कामाला वाघीण, पण दुसऱ्याच्या घरचे निर्णय घ्यायचा त्यांना भारी सोस. चोकरचं कानावर गेलं तशा त्या पदर खोचूनच आल्या.

"गो, तुझी ती पुतळ्यांची माळ पडान आसा मा कपाटात? ती मोडूया आणि चेडवाक चोकर करूया. तुका आता ती कित्याक व्हयी?"

"व्हय, माका कित्याक व्हयी," मी म्हटलं आणि चहा ठेवायला आत गेले. भांडं जरा जोरातच आपटलं. वैनींना वाटलं, मांजर आलं.

मला ती मोडायची नव्हती. हे मी इथे स्पष्ट लिहिते, कारण तेव्हा मी ते कोणापुढे उच्चारलं नाही. कसं उच्चारणार? मुलीची हळद, आणि आई म्हणते माझी माळ देणार नाही! गावानं तोंडात शेण घातलं असतं. नवरा गेलेल्या बाईनं सोन्यात जीव ठेवायचा नसतो. माझा मात्र होता. कधीतरी दुपारी सगळं निजलं की मी दार लावून ती गळ्यात घालायची, आरशात बघायची आणि परत कपाटात ठेवायची. त्यानं काय मिळायचं ते विचारू नका. बरं वाटायचं.

मुलगी हळदीच्या पंधरवडाभर आधी घरी आली. तिला माळ मोडायचं सांगितलं तर ती मोबाइलमधून मान वर न काढता "बघूया" म्हणाली. वैनी मात्र पक्क्या. सोनं मोडायचं तर देवाला विचारूनच. आमच्याकडे म्हशीला इंजेक्शन द्यायचं असलं तरी आधी देवाचा कौल घेतात, मग डॉक्टरला फोन करतात. तेव्हा आम्ही तिघी ग्रामदेवतेच्या देवळात गेलो. गुरवानं देवाच्या पाषाणाला उजवीकडे आणि डावीकडे ओले कळे, म्हणजे भिजवलेल्या फुलांच्या कळ्या, चिकटवले. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार, एवढा सोपा कारभार.

गुरवानं हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा म्हाराजा, आज ह्या घराण्यातल्या लेकराच्या हळदीसाठी घरातली माळ मोडूची म्हणतत. तुझी मर्जी आसात तर उजवो दी, नसात तर डावो दी!"

"व्हय म्हाराजा!" वैनी देवळाचं छप्पर उडेल अशा ओरडल्या. मीही पुटपुटले.

डावा पडला. तोही लगेच, टपकन. मला देवाचा एवढा जिव्हाळा आयुष्यात कधी वाटला नव्हता.

पण वैनी हरतात होय? त्यांचं म्हणणं पडलं की प्रश्नच चुकला. मोडायची असं देवाला सांगितलं तर देवाला वाईट वाटणारच. "मोडूची नाय, नवी करूची, असा घाल गाऱ्हाणा." आमच्या गावात सगळे हेच करतात. उत्तर मनासारखं आलं नाही की देवाला बिचाऱ्याला नीट समजलं नाही, असं धरून चालतात आणि पुन्हा विचारतात. गुरवानं पुन्हा कळे लावले, पुन्हा गाऱ्हाणं. आता दोन्ही कळे जागचे हलेनात. आम्ही वाट बघत उभ्या. मुलगी खांबाला टेकून मोबाइल समोर धरून होती. मला मनातून तिचा राग आला. आईच्या गळ्यातलं चाललंय आणि ही फोनात!

"केदी गरम होता हय!" वैनी म्हणाल्या आणि देवासमोरचा उभा पंखा त्यांनी स्वतः चालू केला. पंख्यानं मान फिरवली, देवाकडे बघितलं, आणि उजवा कळा पडला.

"व्हय म्हाराजा!"

झालं, देवाची परवानगी मिळाली. देवाला विचारलं, गुरवाला विचारलं, पुण्यातल्या त्या पोरीला रोज संध्याकाळी विचारलं. माळ ज्या बाईची तिला तेवढं विचारायचं राहिलं, पण लग्नघरात एखादी गोष्ट राहूनच जाते.

दुसऱ्या दिवशी आम्ही कट्ट्याच्या बाजारात सोनाराकडे गेलो. मुलीनं जुळवून बघायला लेहेंग्याची ओढणी पिशवीत घेतली होती. वैनी पुढच्या खुर्चीत, जणू माळ त्यांचीच. सोनारानं माळ हातात घेतली, कसोटीवर घासून बघितली आणि विचारलं, "मोडात घालूची ना?"

वैनी म्हणाल्या, "व्हय."

मी समोरच्या कपाटातले गणपती बघत बसले. ते मोजून झाले, मग पुन्हा मोजले.

"थांबा," मुलगी म्हणाली. तिनं ओढणी काचेवर पसरली, तिच्यावर माळ ठेवली, मान वाकडी करून बघितलं, फोटो काढला, पुन्हा बघितलं. पुण्याच्या मैत्रिणीकडून शिकलेली सगळी थेरं. मग माळ उचलली आणि सरळ माझ्या गळ्याला लावली.

"माझ्या लेहेंग्यार ही शोभना नाय," ती म्हणाली. "लय पिवळी आसा. पण आई, तुझ्या मोरपिशी साडयेर एकदम मस्त दिसतली. हळदीक तू ही घाल."

"मी?" मी म्हटलं. "मी हळदीक मागच्या दारी भांडी बघतलंय."

"भांडी मोठी आई बघीत. माका पयली हळद तू लावतलंस."

मोठी आई म्हणजे वैनी. त्या खुर्चीत ताठ झाल्या. "गो, काय बोलतंस काय? हळद सवाष्णी लावतत. आणि देवान उजवो दिल्यान हा, इसारलंस?"

"देवान खंय दिल्यान? देवान डावो दिल्यान. उजवो पंख्यान दिल्यान. माझ्याकडे व्हिडिओ आसा, दाखवू?"

सोनार एकदम खाली वाकून काहीतरी शोधायला लागला. त्याचे खांदे हलत होते.

"लोक काय म्हणतले!" वैनी म्हणाल्या.

"लोकांका पिवळा नेसूक सांगलंय. तेवढा केल्यानी तरी पुरे."

मी तिचा हात धरला. म्हटलं, बाय, राहू दे, तुझ्या हळदीत भांडण नको, माझं काय, मी काय आता माळा घालते? त्यावर ती कानाशी येऊन हळू बोलली, वैनींना ऐकू जाणार नाही इतपत.

"दुपारची दार लावन घालतंस, ता माका ठाऊक नाय असा वाटता तुका? दार लावतंस, पण खिडकी उघडीच आसता."

बावीस कॅरेटची चोरी पकडली गेली होती. दुकानातच डोळ्यांना पदर लावला. सोनारानं न मागता पाणी दिलं आणि माळेचा झिजलेला दोरा तेवढा बदलून दिला.

हळदीला मुलीनं शेवाळी लेहेंगा घातला. मोठं सोनं काहीच नाही, कानात माझ्या कुड्या आणि केसात सुरंगीच्या फुलांचा वळेसर. पुण्याच्या मैत्रिणीनं फोटो बघून लिहिलं, फ्लोरल ज्वेलरी, काय सुंदर आयडिया! वळेसर आमच्या परड्यातल्या झाडाचा होता, पण असू दे. मी मोरपिशी साडी नेसून, गळ्यात माळ घालून तिच्या गालाला पहिली हळद लावली. मांडवात दोघी-तिघी कुजबुजल्या. वैनींनी तोंड फिरवलं, मग थोड्या वेळानं येऊन माझ्या माळेचा फासा पुढे सरकला होता तो मागे नीट केला. मी हळद एवढी भरभरून घेतली होती की गालाला टेकली ती टेकली, लेहेंग्यावरही सांडली. डाग अजून आहे.

त्या क्षणाचा फोटो मुलीनं सासरहून पाठवला. लगेच फोनही आला.

"आई, फोटो बरो इलोहा, पण तुझी माळ लयच पिवळी दिसता. एडिट करून जरा फिक्की करू?"

"हात लावन बग," मी म्हटलं.