दोन तंबूंची टिर्झा

टिर्झा नवगावकर अकॉर्डियन वाजवते असं कळलं की कॅनडात मिसिसागातले मराठी लोक लगेच जुन्या हिंदी गाण्यांची फर्माईश करतात. तिला ती येतातही. तिचे वडील ॲबी भायखळ्याच्या एका ऑर्केस्ट्रात होते, भाता कसा ओढायचा ते ती त्यांच्याकडूनच शिकली. पण इथं ती वाजवते पोल्का आणि वॉल्ट्झ, म्हणजे जोडीनं नाचायची गाणी, तेही एका जर्मन बँडमध्ये, घट्ट चोळीचा फ्रॉक आणि वर एप्रन घालून. विमानतळाजवळच्या तिच्या कार्गो ऑफिसातली एक जर्मन बाई तिला हौसेनं आपल्या जर्मन क्लबात घेऊन गेली होती. बँडप्रमुख डीटरनं तिचं वाजवणं ऐकलं आणि तिला सोडलंच नाही.

दरवर्षी पानं लाल व्हायला लागली की तासाभरावरच्या एका गावात बिअरचा उत्सव भरतो. मैदानात एका बाजूला जर्मन क्लबाचा तंबू, समोर चेक क्लबाचा. दोघांची जुनी, हसतखेळत चालणारी चुरस. चेक म्हणणार, पोल्का आमचा, बिअरही आमची. जर्मन म्हणणार, तुमची बिअर आहे होय, आम्हाला वाटलं लिंबूपाणी. शेवटी दोन्ही बँडांचा सामना. जिंकणाऱ्याला लाकडाचं छोटं पिंप मिळतं आणि हरलेला बँडप्रमुख समोरच्यांची टोपी घालून त्यांना बिअर वाढतो.

डीटर ती टोपी वर्षानुवर्षं घालत आला होता. कारण सामना शनिवारी दुपारी असायचा आणि टिर्झा शनिवारी वाजवत नाही. शुक्रवारी दिवे लावले की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत तिच्या घरी शब्बाथ असतो, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. गाडी बंद, वाद्य बंद. हे तिनं पहिल्याच दिवशी डीटरला सांगितलं होतं. दरवर्षी ती विचारायची, "रविवारी ठेवता येईल का?" दरवर्षी डीटर म्हणायचा, "पुढच्या वर्षी नक्की." मग तिच्या जागी त्याचा पुतण्या वाजवायचा, ताल हरवायचा, बँड हरायचा, आणि टिर्झा कॉन्डोतल्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर बसून चरफडायची.

यंदा मात्र डीटर आयोजकांशी भांडला आणि सामना रविवारी ठेवून घेतला. टिर्झाला एवढा आनंद झाला की ती महिनाभर रोज रियाजाला बसली. कॉन्डोत वाजवलं की शेजारी कम्प्लेन करतात, म्हणून खाली पार्किंगमध्ये, गाडीच्या मागच्या सीटवर. कोपर सारखं दाराला आपटायचं. एकदा सिक्युरिटीवाला टॉर्च घेऊन आला, तो हसला आणि गेला. तिला मात्र हसू आलं नाही.

रविवारी सकाळी ती आणि तिचा नवरा राल्फ मैदानावर पोचले. डब्यात चपाती-भाजी होती, कारण तिथली डुकराच्या मांसाची सॉसेजं त्यांना चालत नाहीत. तंबूत शिरते तोच डीटर हात पसरून आला.

"टिर्झा, आपण जिंकलो!"

"म्हणजे? अजून वाजवलं कुठे?"

चेक बँडचा अकॉर्डियनवाला बोहुमिल, पंचाहत्तरीचा म्हातारा, आदल्या दिवशी तेलात हात भाजून बसला होता. दुसरा वादक नव्हता. चेक मंडळी माघार घेणार होती.

टिर्झाचं डोकंच फिरलं. इतकी वर्षं वाट पाहायची, महिनाभर पार्किंगमध्ये कोपरं फोडून घ्यायची आणि आता न वाजवता पिंप घेऊन घरी जायचं?

तेवढ्यात बोहुमिल स्वतःच आला. उजव्या हाताला मनगटापर्यंत बँडेज होतं. त्यानं टोपी काढली. "मॅडम, आमच्यातर्फे वाजवाल? आमची गाणी तुम्ही दर उत्सवात रविवारी समोरून ऐकलीच आहेत. मी शेजारी उभा राहीन."

टिर्झानं डीटरकडे पाहिलं. तो जरा घुटमळला, मग हसला. "जा की. खेळून जिंकलेलं बरं दिसतं." तासाभरात परकी गाणी ती काय वाजवणार, असा त्याचा हिशेब होता, आणि तो त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. टिर्झाला तो झोंबला. तरी ती बोहुमिलबरोबर गेली. त्यानं सामन्यातली तिन्ही गाणी गुणगुणून दाखवली, तिनं ती बोटांत बसवून घेतली.

आधी जर्मन बँड. सूत्रसंचालकानं माईक हातात घेतला. "आणि अकॉर्डियनवर, थेट इंडियाहून आलेली आमची टिर्झा!" टिर्झा चोवीस वर्षं कॅनडात आहे. ती माईकजवळ जाऊन म्हणाली, "मिसिसागाहून." लोक हसले. त्यांना तो विनोद वाटला.

डीटरला जिंकायची घाई झाली होती. ठरलेल्यापेक्षा लय वाढवून त्यानं सुरुवात केली आणि मध्येच तिच्याकडे वळून "जोरात, जोरात" करत राहिला. तिची एकही पट्टी चुकली नाही, पण गाणं धावत सुटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बसल्या जागेवरून.

मग चेक बँड. बोहुमिल तिच्या खांद्याशी उभा राहिला. मध्ये मध्ये फक्त "थांबा" म्हणायचा, आणि भाता क्षणभर थांबला की अख्खा तंबू श्वास रोखायचा. दुसऱ्या, संथ गाण्याला एक म्हातारं जोडपं उठलं, मग बाकांमधल्या वाटा भरून गेल्या. जर्मन तंबूतले लोकही नाचायला आले. टिर्झाचे डोळे भरून आले, आणि तिला स्वतःचाच राग आला. हे सुख तिला स्वतःच्या बँडमध्ये हवं होतं.

पंचांनी चेक बँडला पिंप दिलं.

टिर्झा जर्मन तंबूत परतली तेव्हा सगळे पाठ फिरवून वाद्यं आवरत होते. डीटर टोपी घालून बिअर वाढायला निघून गेला होता. क्लॅरिनेटवाली बाई तेवढी म्हणाली, "आमच्यासाठी तू कधी असं वाजवलं नाहीस."

"तुम्ही वाजवू दिलंत कुठे?" टिर्झा म्हणाली.

ती वॉशरूममध्ये जाऊन कपडे बदलून आली. बाहेर चेक बँडचा पिंपासकट फोटो काढून झाला होता. तिला बोलवायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. बोहुमिलनं तिला पाहिलं आणि तो ओशाळला. "मॅडम, परत काढू या." पण निम्मी मंडळी पांगली होती. "राहू दे," ती म्हणाली.

परतताना गाडीत राल्फ म्हणाला, "एक पॉझिटिव्ह बघ. तूच हरलीस, तूच जिंकलीस."

"चूप बस. जिंकले ते, हरले हे. मी कुठे होते त्यात?"

राल्फनं रेडिओ लावला.

बर्फ पडायला लागल्यावर डीटरचा फोन आला. आवाज गोड होता. झालं गेलं विसरून जाऊ, म्हणाला. मग हळूच सांगितलं की पुढच्या वर्षी सामना पुन्हा शनिवारी. शनिवारी बिअर जास्त खपते, आयोजक ऐकत नाहीत.

"तुम्ही भांडलात का?"

"या वेळी... नाही."

"मग मी येत नाही. शनिवारी नाही, आणि रविवारीही नाही." तिनं फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात भांडी आपटत राहिली. राल्फनं ती पुसून ठेवली.

बोहुमिलनं तिला चेक क्लबात बोलावलं. तिनं त्यालाही नाही म्हटलं. "तुमच्या तंबूत आले तर वर्षभर जर्मनांना हरवायचं एवढंच काम. मला नाचणारी माणसं हवीत."

म्हातारा विचारात पडला. त्याचा हात बरा झाला होता, पण दोन बोटं नीट वाकत नव्हती, त्यामुळे क्लबानं त्याच्या जागी तरुण वादक घेतला होता. त्याचीही चिडचिड कमी नव्हती. शेवटी दोघांनी मिळून मिसिसागात माजी सैनिकांच्या क्लबाचा छोटा हॉल महिन्यातल्या एका रविवार दुपारसाठी मागून घेतला. टिर्झा अकॉर्डियनवर, बोहुमिल ढोलावर. ना पिंप, ना पंच.

पहिल्या रविवारी जेमतेम डझनभर माणसं आली. हीटर खडखडत होता, एक बाई कोट काढायला तयार नव्हती. टिर्झानं पट्टे खांद्यावर चढवले, तेवढ्यात पुढच्या खुर्चीतल्या गृहस्थानं विचारलं, "हा जर्मन कार्यक्रम आहे की चेक?"

टिर्झाच्या कपाळाची शीर उठली. बोहुमिल ढोलामागे मान खाली घालून हसत होता.

"तुम्हाला नाचायचंय की नाही?" तिनं विचारलं.

गृहस्थ गडबडले. "नाचायचंय."

"मग उठा," ती म्हणाली आणि तिनं भाता उघडला.